वैद्यकीय संशोधन-अनुदानाचा पहिला प्रस्ताव कसा लिहावा: गोव्यातील तरुण डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एमडी किंवा एमएसचा प्रबंध हातावेगळा करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या डॉक्टरला संशोधनाची हौस असते, प्रश्नही सुचत असतात आणि रुग्ण तर रोजच समोर बसलेले असतात. घोडे पेंड खाते ते अनुदानाच्या अर्जापाशी. प्रबंध लिहिताना जी सवय लागलेली असते, तिच्याच बळावर प्रस्तावही लिहायला घेतला जातो, हे याचे मुख्य कारण. प्रबंधात आपण किती वाचले आणि काय सापडले हे परीक्षकाला दाखवायचे असते. प्रस्ताव वाचणाऱ्या तज्ज्ञाला मात्र एवढेच ठरवायचे असते, की इतक्या पैशांत, इतक्या वेळात, या डॉक्टरच्या हातून, या ठिकाणी हे काम पार पडेल का. पुढील सर्व पायऱ्या याच कसोटीवर बेतल्या आहेत आणि म्हणून त्यांचा क्रम छापील अर्जातील रकान्यांच्या क्रमाशी जुळत नाही.

विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे; देशाचा आकडा ११.४ टक्के आहे. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची संवेदना हरपली की जखम झालेली कळत नाही, ती चिघळते आणि प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते. ही संवेदना दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या एका ठरावीक जाडीच्या तंतूने, काही मिनिटांत तपासता येते. गोव्यातील एका तरुण फिजिशियनला या विषयावर आपला पहिला प्रस्ताव लिहायचा आहे, असे धरून चालू.

पहिली पायरी: विषयातून प्रश्न काढणे

‘मधुमेही रुग्णांच्या पायांच्या समस्यांचा अभ्यास’ हा विषय झाला. त्याला उत्तर देता येत नाही. ज्याला उत्तर देता येते, तो प्रश्न असा असेल: ‘उत्तर गोव्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत येणाऱ्या, चाळीस वर्षांवरील टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांपैकी किती टक्के जणांच्या पायाची संरक्षक संवेदना हरपली आहे, आणि अशा रुग्णांपैकी किती जणांचे पाय गेल्या बारा महिन्यांत एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्याने तपासले होते?’ हे वाक्य लांबलचक आणि रुक्ष आहे, पण त्यात रुग्ण कोण, ठिकाण कोणते, मोजायचे काय आणि काळ कोणता हे सारे येते. त्याचे उत्तर दोन आकड्यांत देता येते. पहिला आकडा डॉक्टरांच्या कामाचा आहे, तर दुसरा आरोग्य संचालनालयाच्या कामाचा आहे, आणि पैसे देणाऱ्या संस्थेला या दुसऱ्या आकड्यातच अधिक रस असतो, कारण त्यावरून पुढे काही करता येते.

असे वाक्य तयार होईपर्यंत प्रस्तावाची दुसरी एकही ओळ लिहू नये. ते तयार झाले की वेगळ्या शाखेच्या एखाद्या सहकाऱ्याला, शक्यतो कम्युनिटी मेडिसिनमधील व्यक्तीला, वाचायला द्यावे आणि ‘उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल?’ एवढेच विचारावे. टक्केवारी, दोन गटांतील फरक, किंवा अमुक काळात घडलेल्या घटनांचा दर यांपैकी एकही उत्तर त्या सहकाऱ्याला देता आले नाही, तर प्रश्न अजून कच्चा आहे. उपचारांची तुलना असेल तर रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता या चारही बाजू वाक्यात आल्या आहेत का, हे पाहावे. यालाच पिको म्हणतात.

पहिल्याच अर्जात मोठी यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून उपायाची तुलना करणारी चाचणी, मांडण्याचा मोह होतो, कारण चाचणीला प्रतिष्ठा आहे. गोव्यातच झालेल्या कामाकडे पाहिले तर वाट वेगळी दिसते. ‘संगाथ’ ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. प्राथमिक आरोग्य सेवेत सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार देता येतात का, हे तपासणाऱ्या तिच्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले ते २०१० मध्ये. त्या चाचणीत २४ केंद्रे होती, निम्मी सरकारी आणि निम्मी खासगी, आणि उपायाचा गुण सरकारी केंद्रांत दिसला, खासगीत दिसला नाही. एवढ्या मोठ्या चाचणीची आखणी करायची तर नैराश्याचे प्रमाण किती, रुग्ण कोठे जातात, मोजमापाची प्रश्नावली स्थानिक भाषेत चालते का, ही उत्तरे आधी हाती असावी लागतात. पहिल्या प्रस्तावाने अशी आधी लागणारी उत्तरे मिळवावीत. आमच्या उदाहरणातही परिचारिकांना प्रशिक्षण देऊन पाय वाचतात का हा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, पण तो दुसऱ्या अनुदानासाठी ठेवावा आणि तसे प्रस्तावात स्पष्ट लिहावे.

मुख्य उद्दिष्ट एकच असावे आणि दुय्यम उद्दिष्टे दोनच्या पुढे जाऊ नयेत. सात उद्दिष्टांचा प्रस्ताव वाचला की अर्जदाराचे अजून ठरलेले नाही, हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

येथे ‘गोव्यात असा अभ्यास झालेला नाही’ या वाक्याविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रस्तावात असते आणि ते एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. दिल्लीत किंवा चेन्नईत बसलेला परीक्षक विचारतो की चेन्नईतील आकडे गोव्याला का लागू पडू नयेत. त्याला उत्तर देता आले पाहिजे: येथे मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे, सत्तरी-सांग्यासारख्या तालुक्यांत मधुमेह असलेली माणसेही शेतात आणि कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, अनवाणी वावरतात, आणि आरोग्य केंद्रे घरापासून फार दूर नसल्यामुळे पाय तपासण्याची व्यवस्था बसवणे येथे तुलनेने सोपे आहे. पोकळी दाखवणे पुरेसे नसते. ती भरून काढल्याने कोणाचे काम बदलेल, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे.

दुसरी पायरी: रुग्ण, माणसे आणि दिवस मोजणे

लिखाणाआधी आठ-दहा दिवस केवळ मोजणीसाठी द्यावेत. बहुतेक प्रस्ताव या टप्प्यावर जिंकले किंवा हरले जातात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तरीही या कामाला अर्जात स्वतंत्र रकाना नसल्यामुळे ते कोणी करीत नाही. ओपीडीच्या नोंदवहीतून मागच्या वर्षातील प्रत्येक महिन्याचे आकडे काढावेत, त्यांतून आपल्या निकषांत बसणारे रुग्ण वेगळे करावेत आणि त्यांतलेही सगळे तयार होणार नाहीत हे धरून चालावे. मग एका रुग्णाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. आमच्या उदाहरणात माहिती समजावून सांगणे, संमती घेणे, प्रश्नावली भरणे, दोन्ही पायांवर ठरलेल्या जागी तंतू टेकवून पाहणे आणि नोंद करणे याला पंचवीस ते तीस मिनिटे लागतात असे समजा. सकाळच्या ओपीडीत एक क्षेत्र-कर्मचारी मोठ्या मुश्किलीने आठ रुग्ण पूर्ण करील. चार केंद्रांवर आठवड्यातून एकेक दिवस, म्हणजे कागदावर बत्तीस. प्रत्यक्षात वीस धरावेत.

वीसच का, याचे उत्तर गोव्याच्या दिनदर्शिकेत आहे. जुलैच्या पावसात लांबच्या वाड्यांवरील माणूस गोळ्या संपल्याशिवाय केंद्रावर येत नाही. गणेश चवथीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते, नाताळच्या सुमारास पुन्हा तेच, आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत सत्तरीतील अनेक कुटुंबे सकाळपासून काजूच्या बागायतीत असतात. निवडणूक आली की कर्मचारी त्या कामाला जातात. ज्या आजाराला स्वतःचा हंगाम आहे, त्याच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप, २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात आढळला. त्याचे रुग्ण हिवाळा आणि उन्हाळ्यात येतात आणि काजूचा हंगाम त्याच काळात असतो. अशा आजाराच्या एक वर्षाच्या प्रकल्पाला जूनमध्ये पैसे मिळाले आणि नेमणुका होईपर्यंत जानेवारी उलटला, तर हंगामाचा मोठा भाग हातचा जातो. म्हणून कामाच्या वेळापत्रकात महिने ‘पहिला, दुसरा, तिसरा’ असे लिहिण्याबरोबरच कोणत्या महिन्यात सुरुवात झाली तर काय बदलेल, हेही एका वाक्यात लिहावे. परीक्षकाला त्यातून दिसते की अर्जदाराने जमिनीवर उभे राहून विचार केला आहे.

ठिकाणाच्या निवडीतही गोव्याचे स्वतःचे गणित आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, राज्यभरातील गंभीर रुग्ण येतात, त्यामुळे दुर्मीळ किंवा गुंतागुंतीच्या आजारांसाठी हे एकच ठिकाण जवळजवळ सगळ्या राज्याचे चित्र दाखवू शकते, आणि मोठ्या राज्यांतील संशोधकांना हेवा वाटावा असा हा फायदा आहे. मात्र तेथे सिंधुदुर्गातून आणि कारवारकडूनही रुग्ण येतात. ‘गोव्यातील प्रमाण’ काढायचे असेल तर हे रुग्ण अंशात धरून छेदात गोव्याचीच लोकसंख्या घेतल्यास आकडा फुगतो. राहण्याचे ठिकाण आणि तेथील वास्तव्याचा काळ हे दोन प्रश्न नोंदपत्रात पहिल्या पानावर असावेत. सौम्य किंवा सुरुवातीच्या अवस्थेतील आजार मोजायचा असेल, तर बांबोळीची ओपीडी मुळातच चुकीची जागा ठरते. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच जावे लागते.

तिसरी पायरी: पैसे कोणाकडे मागायचे

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण प्रश्न नीट ठरला की पर्याय आपोआप कमी होतात. प्रथम आपल्याच संस्थेचा अंतर्गत निधी पाहावा. रक्कम लहान असते, पण त्यातून पूर्वपाहणी होते आणि ‘मिळालेले अनुदान’ या रकान्यात पहिली ओळ लिहिता येते. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, जिचे बाह्य अनुदानाचे अर्ज ऑनलाइन प्रणालीवर भरले जातात; २००७ मध्ये स्थापन झालेला आरोग्य संशोधन विभाग; आणि मूलभूत विज्ञानाकडे झुकणाऱ्या प्रश्नांसाठी जैवतंत्रज्ञान विभाग किंवा २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. इंडिया अलायन्स या जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या संयुक्त संस्थेच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिपमध्ये प्रकल्पाइतकेच व्यक्तीकडे पाहिले जाते. तेथे पुढील पाच वर्षांत आपण कोणत्या प्रकारचे संशोधक होणार आहोत, हे सांगता यावे लागते.

प्रत्येक योजनेची त्या वर्षीची जाहिरात शब्द न शब्द वाचावी आणि तिच्यातील पात्रता, वयोमर्यादा, नोकरीचे स्वरूप व कमाल रक्कम एका कागदावर उतरवून काढावी. कंत्राटी डॉक्टर मुख्य संशोधक होऊ शकतो का, हा प्रश्न विशेषतः आधी सोडवावा, कारण अनेक योजनांत नियमित नोकरीची अट असते आणि सगळा प्रस्ताव लिहून झाल्यावर हे कळणे फार महागात पडते.

परदेशी निधी किंवा परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते आणि संस्थेला परदेशी निधीविषयक कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात. या दोन्हींना काही महिने जातात. पहिल्या प्रस्तावात हा गुंता शक्यतो टाळावा.

चौथी पायरी: पद्धती

परीक्षक सर्वाधिक वेळ याच भागावर घालवतो, म्हणून सर्वाधिक पाने यालाच द्यावीत. प्रस्तावनेची पाने निम्म्यावर आणली तरी सहसा काही बिघडत नाही. पद्धती इतक्या तपशिलाने लिहाव्यात की उद्या तुमची बदली काणकोणला झाली, तरी दुसरा डॉक्टर तो कागद हातात घेऊन काम पुढे नेऊ शकेल. रुग्ण कोणत्या क्रमाने निवडणार, कोणाला वगळणार, तंतू पायाच्या कोणत्या जागांवर टेकवणार, किती जागी न जाणवल्यास संवेदना हरपली असे धरणार, दोन कर्मचाऱ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात का हे कसे तपासणार, हे सर्व त्यात असावे. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब आणि चाचणीच्या आराखड्यासाठी स्पिरिट या तपासणी-याद्या समोर ठेवून लिहिले, तर काही सुटत नाही.

नमुन्याच्या आकाराचे गणित उघड मांडावे. समजा पूर्वपाहणीवरून किंवा आधीच्या प्रकाशित अभ्यासांवरून संवेदना हरपलेल्यांचे प्रमाण २५ टक्के अपेक्षित आहे आणि ते अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत, ९५ टक्के विश्वासपातळीने काढायचे आहे. १.९६ चा वर्ग म्हणजे ३.८४१६, त्याला ०.२५ आणि ०.७५ यांनी गुणून ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागले की २८८.१ येते, म्हणजे २८९ रुग्ण. पण हे रुग्ण चार केंद्रांतून येणार आहेत आणि एका केंद्रातील रुग्ण एकमेकांसारखे असण्याची शक्यता असते, म्हणून आकडा १.५ ने वाढवला की ४३४ होतो. शंभरातील दहा जण नकार देतील किंवा नोंद अपुरी राहील असे धरून ०.९ ने भागले की ४८३. आठवड्याला वीस रुग्ण या हिशेबाने ४८३ रुग्णांना सुमारे चोवीस आठवडे लागतात. दुसऱ्या पायरीवरची मोजणी आणि चौथ्या पायरीवरचे गणित असे एकमेकांना भेटले पाहिजे. हा ताळमेळ बसत नसेल, तर अचूकतेची अपेक्षा कमी करावी, केंद्रे वाढवावीत किंवा मुदत वाढवून मागावी. गणित गुपचूप वाकवू नये, कारण समितीतील संख्याशास्त्रज्ञ तो खेळ पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. २५ टक्के आणि १.५ हे आकडे कोठून घेतले, हेही लिहावे. केवळ सॉफ्टवेअरचे नाव देऊन भागत नाही.

संख्याशास्त्रज्ञाला अर्ज पूर्ण झाल्यावर सही करण्यापुरते बोलावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. प्रश्न ठरला त्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलावे आणि विश्लेषणात वेळ लागणार असेल तर त्यांना सह-संशोधक करावे. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही सह-संशोधक म्हणून घ्यावे. बांबोळीत बसून वाळपईच्या केंद्रातील कामावर लक्ष ठेवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय, आणि तेथील अधिकाऱ्याचे सहकार्य असल्याशिवाय ओपीडीच्या गर्दीत आपल्या कर्मचाऱ्याला बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही.

माहिती कोठे साठवणार, ती कोण पाहू शकणार आणि नावे क्रमांकांपासून वेगळी कशी ठेवणार, याचा एक परिच्छेद असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. लहान राज्यात एक जादा खबरदारी लागते: गावाचे नाव, वय आणि आडनावाचे पहिले अक्षर एवढ्यावरून येथे माणूस ओळखू येतो. विश्लेषणाच्या फाइलमध्ये म्हणून तालुका आणि वयोगट यांच्या पुढे जाऊ नये.

पाचवी पायरी: नैतिक समिती आणि परवानग्या

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हा येथील आधार आहे. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा-चाचणी नियमांनुसार जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनाचा आढावा घेणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. आपल्या संस्थेच्या समितीची नोंदणी चालू आहे का आणि ती कधी संपते, हे आधीच विचारून ठेवावे. समितीची बैठक किती दिवसांनी होते, त्यावर सगळे वेळापत्रक अवलंबून असते. पूर्वपाहणीसाठीही समितीची मंजुरी लागते, ही गोष्ट नवख्या संशोधकांच्या हमखास ध्यानातून सुटते.

गोमेकॉ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे प्रशासन वेगवेगळे आहे. केंद्रांवर काम करायचे तर नैतिक समितीच्या मंजुरीखेरीज आरोग्य सेवा संचालनालयाचीही लेखी परवानगी लागते. ती मागताना केवळ प्रस्तावाची प्रत जोडू नये. केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर कोणता ताण पडेल, कोणता पडणार नाही आणि संचालनालयाला शेवटी काय मिळेल, हे एका पानात लिहून द्यावे.

प्रकल्प हस्तक्षेपाचा, म्हणजे रुग्णांवर एखादा उपाय करून पाहण्याचा, असेल तर भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालीच पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही. निरीक्षणात्मक अभ्यासही तेथे नोंदवता येतो आणि नोंदवावा.

संमतीपत्राकडे वळू. गोव्यातील आरोग्य केंद्रात कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड या चारही भाषा बोलणारे रुग्ण येतात, आणि कोकणी वाचणाऱ्यांतही काहींना देवनागरी सोयीची वाटते तर काहींना रोमी, म्हणजे रोमन लिपी. या सर्व प्रतींचा, त्यांच्या उलट अनुवादाचा (अनुवादाचा अर्थ तपासण्यासाठी तो पुन्हा मूळ भाषेत करण्याचा) आणि छपाईचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. भाषा सरकारी परिपत्रकाची नसावी. ‘सदर अध्ययनातील सहभागाने आपणांस प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही’ हे वाक्य ओपीडीत रांगेत बसलेल्या बाईला काहीच सांगत नाही. ‘या तपासणीने तुमची साखर कमी होणार नाही. पायाची जाणीव कमी झाल्याचे दिसले, तर आम्ही ते तुम्हाला त्याच दिवशी सांगू आणि पुढे कोठे जायचे ते लिहून देऊ. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्या नेहमीप्रमाणे मिळतील’ ही वाक्ये तिला कळतात, आणि नैतिक समितीलाही तीच हवी असतात. शेवटच्या वाक्याचे महत्त्व विशेष आहे, कारण सरकारी केंद्रात डॉक्टरला नकार दिला तर औषध बंद होईल ही भीती मनात असतेच. ज्या रुग्णाला वाचता येत नाही, त्याच्यासाठी प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तो कोण असेल हे केंद्रागणिक ठरवून ठेवावे.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

रक्कम कमी मागितली तर अनुदान लवकर मिळते, हा समज चुकीचा आहे. कमी पैशांत काम होणार नाही हे परीक्षकाला दिसले, तर तो प्रस्ताव अव्यवहार्य ठरवतो, आणि मंजूर झालाच तर पदरमोड ठरलेली. उलट दिशेचा मोहही असतो: विभागाला हवे असलेले एखादे महागडे यंत्र प्रकल्पाच्या नावावर घ्यायचे. त्या यंत्राविना मुख्य उद्दिष्ट साध्य होते का, असा प्रश्न समिती विचारतेच.

प्रत्येक रकमेमागे हिशेब असावा. ‘प्रवास: साठ हजार रुपये’ असे लिहिले की त्यावर कात्री चालते. ‘एक क्षेत्र-कर्मचारी, आठवड्यातून चार दिवस, येऊन-जाऊन सरासरी पन्नास किलोमीटर, चोवीस आठवडे, म्हणजे ४,८०० किलोमीटर; संस्थेच्या मान्य दराने’ असे लिहिले की कापायला जागा राहत नाही. मनुष्यबळाची पदे आणि वेतन अनुदान देणाऱ्या संस्थेच्या चालू परिपत्रकातूनच घ्यावे. आयसीएमआरमध्ये प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशा पदांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि मनाने पदनाम लिहिले तर अर्ज परत येतो. जाहिरात, मुलाखती आणि रुजू होणे यांना जाणारे महिने वेळापत्रकात दाखवावेत. मोनोफिलामेंट वापरून वापरून मऊ पडतो आणि चुकीचे निष्कर्ष देतो, तेव्हा चार केंद्रांसाठी चारच तंतू मागणाऱ्या अर्जदाराने प्रत्यक्ष तपासणी केलेली नाही, हे जाणत्याला कळते. खरेदी सरकारी जेम पोर्टलवरून करावी लागेल का, दरांत जीएसटी धरला आहे का, प्रशासकीय खर्चापोटी संस्थेचा वाटा किती टक्के, संख्याशास्त्रीय मदत, भाषांतरे आणि संशोधन-लेख प्रसिद्ध करण्याचा खर्च या बाबी हमखास राहून जातात. लेखा विभागातील एखाद्या अनुभवी कर्मचाऱ्याला हे पान आधी दाखवावे. तेवढ्या वेळात जे शिकायला मिळते ते कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही.

सातवी पायरी: सारांश, शीर्षक आणि स्वतःविषयी

सारांश सर्वांत शेवटी लिहावा, पण तो सर्वांत आधी वाचला जातो. समितीतील काही सदस्य तर तेवढाच वाचून बैठकीला बसतात. पहिल्या दोन वाक्यांत समस्या, तिसऱ्यात पोकळी, चौथ्यात प्रश्न, पुढच्या तीन-चार वाक्यांत पद्धती व नमुना, आणि अखेरीस निष्कर्षांचा उपयोग कोण करील हे यावे. शीर्षकात ठिकाण, लोक आणि अभ्यासाचा प्रकार असला की पुरे.

अनुभव कमी असणे हा दोष धरला जात नाही, पण तो झाकायचा प्रयत्न मात्र चटकन दिसतो. प्रबंधाचा विषय, केलेली एखादी पाहणी, घेतलेले संशोधन-पद्धतींचे किंवा उत्तम चिकित्सा-आचरणाचे (जीसीपी) प्रशिक्षण जसे आहे तसे लिहावे आणि जे येत नाही त्यासाठी मार्गदर्शक दाखवावा. मार्गदर्शकाच्या पत्रात कौतुक नसले तरी चालेल. महिन्यातून किती वेळा भेटणार, कोणत्या टप्प्यावर काय तपासणार हे मात्र असावे. त्याहून मोलाचे पत्र विभागप्रमुखांचे असते, ज्यात आठवड्यातील अमुक तास या डॉक्टरला संशोधनासाठी मोकळे ठेवले जातील असे लेखी असते. रात्रपाळ्या, ओपीडी आणि विद्यार्थ्यांचे वर्ग सांभाळून प्रकल्प कसा चालवणार, हा प्रश्न परीक्षकाच्या मनात येतो आणि त्याचे उत्तर तुमच्या उत्साहात नसून त्या पत्रात असते.

आठवी पायरी: सादर करणे आणि शेरे

अंतिम तारखेच्या तीन आठवडे आधी मसुदा दोघांना वाचायला द्यावा: एक विषयातील जाणकार आणि एक पूर्णपणे बाहेरचा. संस्थाप्रमुखांच्या सहीसाठी फाइल विभागातून अधिष्ठात्यांच्या कार्यालयापर्यंत फिरते आणि मध्ये शनिवार-रविवार, सण आणि कोणाची तरी रजा येते. यासाठी निदान दहा दिवस हाताशी ठेवावेत. आधीच्या प्रबंधातील किंवा दुसऱ्याच्या प्रस्तावातील मजकूर जसाच्या तसा उचलू नये. समानता तपासणारी सॉफ्टवेअर सर्वत्र वापरली जातात.

नकार आला तर शेरे एकदा वाचून दोन दिवस बाजूला ठेवावेत. नंतर प्रत्येक शेरा क्रमांक देऊन उतरवून काढावा आणि त्याखाली काय बदलले, कोणत्या पानावर बदलले, किंवा न बदलण्याचे कारण काय, हे लिहावे. ‘नमुना फक्त आरोग्य केंद्रांतून घेतल्यामुळे खासगी डॉक्टरांकडे जाणारे रुग्ण सुटतात’ असा शेरा आला, तर ‘सूचना मान्य’ असे मोघम उत्तर उपयोगाचे नाही. ‘हे खरे आहे, या अभ्यासाचे निष्कर्ष सरकारी केंद्रांच्या रुग्णांपुरतेच लागू असतील, असे आता शीर्षकात आणि सारांशात स्पष्ट केले आहे, खासगी दवाखान्यांचा समावेश केल्यास नमुना आणि खर्च किती वाढतो, याचा हिशेब पद्धतींच्या शेवटी जोडला आहे’ असे उत्तर दिले, तर त्याच परीक्षकाला आपला शेरा वाया गेला नाही असे वाटते. परीक्षकाने काही चुकीचे वाचले असेल, तरी ते वाक्य दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट लिहिण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते.

मंजुरीचे पत्र हाती आले की अटी त्याच दिवशी वाचाव्यात. पैसे कोणत्या खात्यात येतील, व्याजाचे काय करायचे, एका शीर्षकाखालची रक्कम दुसरीकडे वळवायला कोणाची परवानगी लागते आणि पहिल्या वर्षाचा अहवाल कधी द्यायचा, हे त्यात असते. केंद्र सरकारी अनुदानासाठी २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १२-ए या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते वेळेत गेले नाही तर दुसरा हप्ता अडतो. म्हणून पहिल्या बिलापासून खर्चाची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, लेखा विभागातील फाइलचा क्रमांक तिच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते हे लक्षात घेऊन फेब्रुवारीतच शिल्लक किती राहिली ते पाहून घ्यावे.